मोजक्या फोटॉनांतून उमटणारं चित्र

ओमानच्या पूर्व किनाऱ्यावरचं सूर हे लाकडी गलबतं बांधणाऱ्या कारागिरांचं जुनं बंदर. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने चाळीसेक किलोमीटर पुढे गेलं की रास अल्-जिन्झ लागतं. हिरव्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री तिथल्या वाळूवर चढतात, खड्डा खणतात, एका वेळी शंभरेक अंडी घालतात आणि खड्डा बुजवून पुन्हा समुद्रात जातात. १९९६ पासून हा भाग राखीव आहे. मस्कत-सूरकडे नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबं देशातून पाहुणे आले की त्यांना इथे घेऊन येतात. नियम कडक आहेत: वाटाड्याच्या मागे गटाने चालायचं, विजेरी लावायची नाही, रात्री फोटो काढायचे नाहीत.

नियम योग्यच आहेत. अंडी घालायला आलेली मादी उजेडाने बिचकली तर अंडी न घालताच परत फिरते. पिल्लं वाळूतून बाहेर आली की जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात. नैसर्गिक किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते, पण दिवे दिसले की ती जमिनीकडे वळतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांचं काम २००२ पासून सुरू आहे. तिथे पिल्लं समुद्रात सोडताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मात्र त्या काळोखात वीस-पंचवीस मिनिटं उभं राहिलं की डोळ्यांना कासवाची पाठ, उडणारी वाळू, पाण्याची कड असं बरंच काही दिसू लागतं. याचा अर्थ, प्रकाश तिथे आहे. मग फोनच्या कॅमेऱ्याला नुसता दाणेदार काळोख का मिळतो? चित्र उमटायला कमीत कमी किती प्रकाश लागतो? आणि वस्तूवर इतका कमी प्रकाश टाकता येईल का, की तिला त्याचा पत्ताही लागू नये आणि आपल्याला मात्र चित्र मिळावं?

गेली तीस वर्षं या प्रश्नाभोवती भौतिकशास्त्रात एक विलक्षण तंत्र आकाराला येत आहे. त्याचं नाव घोस्ट इमेजिंग.

पौर्णिमेच्या रात्री पिक्सेलला काय मिळतं

प्रकाश सुट्या कणांनी येतो. त्या कणाला फोटॉन म्हणतात. दुपारच्या उन्हात ते इतके असतात की त्यांचं सुटेपण जाणवत नाही. चांगला कॅमेरा नेहमीचा फोटो काढताना दर पिक्सेलमागे लाखभर फोटॉन गोळा करतो. पिक्सेल म्हणजे चित्राचा सगळ्यात लहान चौकोन.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या सुमारे चार लाखाव्या भागाएवढा उजेड देतो. म्हणजे दुपारी ज्या पिक्सेलमध्ये एक लाख फोटॉन पडले असते, त्यात तेवढ्याच वेळात चांदण्यात सरासरी पाव फोटॉन पडेल. अमावास्येला याच्याही शंभरेक पटींनी कमी. पाव फोटॉन असा काही नसतो. शंभरांपैकी अठ्ठ्याहत्तर पिक्सेल रिकामे राहतील आणि उरलेल्यांत एखाददुसरा फोटॉन येईल, असा त्याचा अर्थ.

इथे एक नियम आडवा येतो. फोटॉन वेळापत्रकाने येत नाहीत. सरासरी १०० येत असतील तर कधी ९०, कधी ११० येतात. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. दहा हजारांत शंभरचा, म्हणजे एक टक्का. शंभरात दहाचा, म्हणजे दहा टक्के. चारांत दोनचा, म्हणजे थेट निम्मा. हा कॅमेऱ्याचा दोष नव्हे. कितीही महागडा कॅमेरा आणला तरी प्रकाशातच असलेली ही अनिश्चितता जात नाही.

कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष वेगळा. पिक्सेलमधला विद्युतभार मोजताना मोजणाऱ्या सर्किटकडूनच दोन-चार इलेक्ट्रॉनांची चूक होते. लाख फोटॉनांपुढे ती नगण्य आहे. पाव फोटॉनापुढे मात्र ती खऱ्या संदेशापेक्षा मोठी ठरते. फोनमध्ये आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढवलं की संदेश आणि चूक दोन्ही सारख्याच मोठ्या होतात. तो दाणेदार काळोख त्यातूनच येतो.

कॅमेऱ्याने न पाहिलेली वस्तू

१९९५ साली अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी या विद्यापीठात यानहुआ शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. एका खास स्फटिकावर लेझर सोडला. अशा स्फटिकात कोट्यवधींपैकी एखादा फोटॉन फुटतो आणि त्याच्या जागी कमी ऊर्जेचे दोन जन्माला येतात. या जुळ्यांची जन्मवेळ एकच असते आणि त्यांच्या दिशाही एकमेकांशी बांधलेल्या असतात. एक कुठे गेला हे कळलं की दुसरा कुठे असेल हे सांगता येतं.

त्यांनी जुळ्यांपैकी एकाला अक्षरं कापलेल्या पट्टीकडे पाठवलं. ती अक्षरं विद्यापीठाच्या नावाची आद्याक्षरं होती. पट्टीमागे एक डिटेक्टर होता. त्याला फोटॉन पार झाला की नाही एवढंच कळत होतं, कुठून पार झाला ते नाही. अशा डिटेक्टरला या क्षेत्रात बकेट डिटेक्टर म्हणतात. जुळ्यातला दुसरा फोटॉन वेगळ्याच वाटेने गेला. त्याच्या वाटेत पट्टी नव्हतीच. तिथल्या डिटेक्टरने तो नेमका कुठे पडला याची नोंद केली.

पहिल्या डिटेक्टरकडे जागेची माहिती नाही, दुसऱ्याने वस्तू पाहिलेली नाही. दोघांपैकी कुणाच्याही नोंदीत चित्र नाही. पण ज्या क्षणी दोन्हीकडे एकदम ठोका पडला तेवढ्याच नोंदी वेगळ्या काढल्या, तर दुसऱ्या बाजूला अक्षरं उमटतात. वस्तूला न शिवलेल्या फोटॉनांनी वस्तूचं चित्र काढलं.

यासाठी पुंज (क्वांटम) भौतिकीतला जुळेपणा लागतोच का, यावर पुढे मोठा वाद झाला. २००२ साली रोचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट बॉइड यांच्या गटाने साध्या लेझरच्या किरणांनी असंच चित्र काढून दाखवलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत तप्त वस्तूतून निघतो तशा विस्कळीत प्रकाशानेही ते साधलं. विस्कळीत प्रकाशातले फोटॉन थोडे घोळक्याने येतात. ही गोष्ट १९५६ साली रॉबर्ट हॅनबरी ब्राउन आणि रिचर्ड ट्विस यांनी दाखवली होती आणि तिच्या जोरावर व्याध ताऱ्याचा कोनीय व्यास मोजला होता. हॅनबरी ब्राउन यांचा जन्म आपल्याकडचा, निलगिरीतल्या अरुवनकाडूचा, १९१६ चा.

वादाचं उत्तर मला समाधानकारक वाटतं: चित्र काढायला जुळे आवश्यक नाहीत, पण प्रकाश अगदी कमी असेल तेव्हा ते उपयोगी पडतात. विस्कळीत प्रकाशाने काढलेलं चित्र एका जाड, निरुपयोगी पार्श्वभूमीवर बसलेलं असतं. जुळ्या फोटॉनांच्या चित्रामागे ती पार्श्वभूमी जवळजवळ नसते.

मेसमधला हिशेब

२००८ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या जेफ्री शपिरो यांनी पुढचा प्रश्न विचारला. दुसऱ्या वाटेवरचा डिटेक्टर प्रकाश कुठे कसा पडला हेच सांगत असेल, आणि प्रकाश आपणच ठरवून टाकत असू, तर तो डिटेक्टर हवा कशाला? पुढच्याच वर्षी इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. आता उरले फक्त दोन घटक: ठरावीक नक्षीचा प्रकाश टाकणारा प्रक्षेपक, आणि परत आलेला एकूण प्रकाश मोजणारा एकच डिटेक्टर.

एकाच आकड्यातून चित्र कसं निघेल? आखातात नोकरी करणारी चार-पाच माणसं मिळून मेस चालवतात, ती डोळ्यांसमोर आणा. सुरेश, नामदेव आणि इरफान एका मेसमध्ये जेवतात. कोण किती पोळ्या खातो हे स्वयंपाक्याने कधी पाहिलेलं नाही. त्याला दोनच गोष्टी ठाऊक: आज कोण जेवायला होतं, आणि टोपलीतल्या एकूण किती पोळ्या संपल्या. सोमवारी सुरेश आणि नामदेव होते, ८ संपल्या. मंगळवारी सुरेश आणि इरफान, ६. बुधवारी नामदेव आणि इरफान, १०. सोमवार आणि मंगळवारची बेरीज करून बुधवारचा आकडा वजा केला की ४ उरतात. त्यात सुरेश दोनदा आला आहे, म्हणून सुरेश २ पोळ्या खातो. त्यावरून नामदेव ६ आणि इरफान ४.

चित्रातही हेच होतं. जेवणारे म्हणजे दृश्याचे लहान लहान चौकोन, हजेरी म्हणजे कोणत्या चौकोनावर प्रकाश टाकला ती नक्षी, संपलेल्या पोळ्या म्हणजे परत आलेला एकूण प्रकाश. उजळ चौकोन जास्त खातो, काळा कमी. ६४ आडव्या आणि ६४ उभ्या चौकोनांचं चित्र हवं असेल तर ४०९६ अज्ञातं सोडवावी लागतात. प्रक्षेपकात लाखो सूक्ष्म आरसे असतात आणि ते सेकंदाला वीसेक हजार नक्ष्या बदलू शकतात. म्हणजे ४०९६ नक्ष्यांना जेमतेम पाव सेकंद.

आता मेसमध्ये सोमवारी कुणाचा तरी पाहुणा येऊन एक पोळी खाऊन गेला, असं समजा. टोपली ८ ऐवजी ९ सांगेल. पुन्हा गणित केलं तर सुरेश २.५, नामदेव ६.५ आणि इरफान ३.५ येतो. चूक एका दिवशीची, पण बिघडले तिन्ही आकडे. सोमवारी मेसमध्ये नसलेल्या इरफानचासुद्धा हिशेब चुकला. कमी प्रकाशातल्या घोस्ट इमेजिंगची सगळी अडचण या पाहुण्यात आहे. एक खोटा फोटॉन एका पिक्सेलपुरता राहत नाही, तो चित्रभर पसरतो.

म्हणून या तंत्राचं एक कौतुक मी जपून करतो. सगळा प्रकाश एकाच डिटेक्टरवर येतो, म्हणून अंधारात चित्र आपोआप चांगलं येतं, असं अनेकदा लिहिलं जातं. डिटेक्टरची स्वतःची चूक मोठी असेल तेव्हा हे खरं आहे, कारण ती चूक हजारो पिक्सेलांत वेगवेगळी न होता एकदाच होते. पण प्रकाशाचा स्वतःचा चढउतार मोठा असेल तर उजळ भागाची अनिश्चितता काळ्या भागातही सांडते. अंधारात चित्र सुधारायचं असेल तर नुसती युक्तीची मांडणी पुरत नाही. प्रत्येक फोटॉन खरा की खोटा हे ओळखावं लागतं. त्यासाठी लागतो एकेक फोटॉन वेगळा मोजणारा डिटेक्टर.

एका फोटॉनचा ठोका

अशा डिटेक्टरचा सर्वांत रुळलेला प्रकार सिलिकॉनच्या एका बारीक ठिपक्याएवढा असतो. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून स्पॅड म्हणतात. त्याच्यावर मुद्दाम इतका उलटा विद्युतदाब ठेवतात की एक इलेक्ट्रॉन मोकळा झाला तरी तोल सुटावा. फोटॉन येतो, एक इलेक्ट्रॉन सुटतो, दाबामुळे वेग घेतो, धडकून आणखी सोडवतो, तेही आणखी सोडवतात. क्षणार्धात मोजता येईल एवढा प्रवाह वाहतो. सर्किट लगेच दाब उतरवून प्रवाह थांबवतं आणि डिटेक्टर पुन्हा सज्ज होतो. एक फोटॉन, एक ठोका.

चांगला सिलिकॉन स्पॅड लाल प्रकाशातले शंभरांपैकी साठ-सत्तर फोटॉन पकडतो. ठोका पडल्यावर काही दशनॅनोसेकंद तो आंधळा असतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. त्या वेळात आलेला दुसरा फोटॉन मोजला जात नाही. त्यामुळे अशा डिटेक्टरला उजेड जास्त झालेलाही चालत नाही: उजळ नक्षीची मोजणी कमी भरते आणि चित्रातला उजळ-काळ्याचा फरक फिका पडतो.

दुसरा प्रकार अतिवाहक तारेचा. केसाच्या जाडीपेक्षा कित्येक पटींनी बारीक तार निरपेक्ष शून्याच्या वर दोन-चार अंशांपर्यंत थंड ठेवतात. त्या तापमानाला तिच्यात विजेला अडथळा नसतो. एक फोटॉन आदळला की तेवढ्या जागी अडथळा उभा राहतो आणि ठोका मिळतो. २००१ साली मॉस्कोतल्या ग्रेगरी गोल्त्समन यांच्या गटाने हे प्रथम दाखवलं. २०१३ पर्यंत अशा तारा ९३ टक्के फोटॉन पकडू लागल्या. डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात त्यांना तोड नाही. पण शीतकरणाचं अवजड यंत्र सोबत वागवावं लागतं.

[चौकट: खोटे ठोके येतात कुठून?
प्रकाश नसतानाचे ठोके: डिटेक्टरमधल्या उष्णतेने एखादा इलेक्ट्रॉन आपसूक सुटतो. थंड केलेल्या चांगल्या सिलिकॉन स्पॅडमध्ये असे ठोके सेकंदाला शंभराच्या आसपास किंवा कमी असतात, अवरक्त प्रकाशासाठीच्या अर्धवाहक स्पॅडमध्ये हजारोंनी.
मागाहून येणारे ठोके: आधीच्या प्रवाहातला एखादा इलेक्ट्रॉन पदार्थातल्या दोषात अडकून राहतो आणि उशिरा सुटतो.
परका प्रकाश: चंद्र, चांदण्या, दूरचे दिवे. हे फोटॉन खरे असतात, पण आपण पाठवलेले नसतात.]

या दोन्ही डिटेक्टरांचा मोठा गुण म्हणजे ठोका कधी पडला हे ते सेकंदाच्या अब्जांशापेक्षाही बारीक सांगतात. फोटॉन पकडण्याच्या क्षमतेइतकंच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्व मी या घड्याळाला देईन. कमी प्रकाशात चित्र सुधारण्याची बहुतेक कामं त्याच्यावरच चालतात.

पंगतीची वेळ ठरवा

मेसच्या स्वयंपाक्याला पाहुण्याचा त्रास कसा चुकवता येईल? पाहुणे कधीही टपकतात, पण जेवणाऱ्यांची वेळ ठरलेली असेल तर आठ ते सव्वाआठ या वेळात संपलेल्या पोळ्याच मोजायच्या. बाकीच्या वेळेत संपलेल्या पोळ्या हिशेबात धरायच्याच नाहीत.

प्रयोगशाळेत यासाठी लेझर सलग न सोडता बारीक झटक्यांनी सोडतात. सेकंदाला दहा लाख झटके, आणि प्रत्येक झटक्यानंतर प्रकाश परत येण्याच्या क्षणी फक्त एक नॅनोसेकंद डिटेक्टरचं ऐकायचं, असं धरू. म्हणजे सेकंदातला एकूण एक सहस्रांश भागच दार उघडं राहिलं. सेकंदाला शंभर येणारे खोटे ठोके आता दहा सेकंदांत एक उरले. चांदण्याचा परका प्रकाशही हजारपटीने घटला. आपले फोटॉन मात्र सगळे त्या एका नॅनोसेकंदातच येतात, म्हणून ते जसेच्या तसे राहिले. वस्तूवर एक कणही जास्त प्रकाश न टाकता चित्र सुधारलं.

याचा आणखी एक फायदा समुद्रकिनाऱ्याला लागू पडतो. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, जाऊन-येऊन धरलं तर १५. दार कधी उघडायचं हे ठरवलं की किती अंतरावरून परतलेला प्रकाश घ्यायचा हेही ठरतं. मधल्या धुक्यावरून किंवा खाऱ्या तुषारांवरून लवकर परतलेले फोटॉन दारातच अडतात. मीटरभर लांबीच्या कासवासाठी दार थोडं जास्त वेळ, सहा-सात नॅनोसेकंद उघडं ठेवावं लागेल, इतकंच.

जुळ्या फोटॉनांच्या पद्धतीत हे काम जुळेच करतात. दोन डिटेक्टरांवर सेकंदाला दहा हजार आणि एक लाख ठोके पडत असतील आणि एका नॅनोसेकंदाच्या आतले ठोके आपण जोडीचे मानत असू, तर निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या जोड्या सेकंदाला एकच. खिडकी दहा नॅनोसेकंदांची केली तर दहा.

ग्लासगो विद्यापीठात माइल्स पॅजेट यांच्या गटाने २०१५ मध्ये याचा फार सुंदर उपयोग केला. वस्तूकडे गेलेल्या फोटॉनने ठोका दिला की तोच ठोका कॅमेऱ्याचं दार काही नॅनोसेकंद उघडतो. सर्किटला हे करायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या जुळ्याला वीसेक मीटरहून लांब वळणावळणाच्या वाटेने नेऊन उशिरा कॅमेऱ्यापाशी पोचवलं. दार उघडतं तेव्हाच तो दारात असतो. यातून त्यांनी गांधीलमाशीच्या पंखाचं चित्र काढलं. पंखाच्या शिरा स्पष्ट दिसणारं ते चित्र पिक्सेलमागे सरासरी एकाहून कमी फोटॉन नोंदवून तयार झालं होतं. चांदण्यातल्या पाव फोटॉनाच्या हिशेबाशी हे ताडून पाहावं.

कोणत्या नक्ष्या टाकाव्यात

सुरुवातीला नक्ष्या यादृच्छिक असत. मेसमध्ये ज्याला वाटेल तो येईल, तसं. यात बऱ्याच दिवसांची हजेरी एकमेकांसारखी असते आणि नवी माहिती थोडी मिळते. आता बहुधा फ्रेंच गणिती जॅक आदामार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नक्ष्या वापरतात. त्यांतली प्रत्येक नक्षी बाकी सगळ्यांपासून पूर्णपणे वेगळी माहिती देते. प्रत्येक नक्षीसोबत तिची उलटी नक्षीही टाकतात, म्हणजे जिथे उजेड होता तिथे अंधार, आणि दोन मोजण्यांची वजाबाकी करतात. दोन्हींत सारखाच आलेला परका प्रकाश वजाबाकीत उडून जातो. त्याचा चढउतार मात्र उरतो.

लेझर स्वतः कमीजास्त होतो तेव्हा वेगळा उपाय लागतो. २०१० साली इटलीतल्या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत वस्तूकडे जाणाऱ्या एकूण प्रकाशाचीही मोजणी ठेवतात आणि बकेट डिटेक्टरच्या आकड्यातून त्या प्रमाणातला भाग वजा करतात. दृश्याचा बराच भाग एकसारखा उजळ असेल आणि पाहायची खूण छोटी असेल, तेव्हा या वजाबाकीने मोठा फरक पडतो.

दृश्य बहुतेक काळंच असेल आणि मधे एखादाच उजळ ठिपका असेल, तर एकेक चौकोन उजळून पाहणं कधीकधी सरस ठरतं. कोणती नक्षी चांगली, हे दृश्य पाहूनच ठरतं.

उरलेली जागा अंदाजाने भरताना

इतकं करूनही हातात मोजके ठोके असतात. चार ठोके आले म्हणून उजळपणा नक्की चार, असं मानणारं गणित इथे फसतं. त्याऐवजी विचारायचं असं: कोणतं चित्र खरं असेल तर नेमके हेच ठोके पडण्याची शक्यता सर्वांत जास्त? त्याला आणखी एका अपेक्षेची जोड देतात, की खऱ्या जगातली चित्रं साधारण सलग असतात आणि शेजारचे पिक्सेल बहुधा एकमेकांसारखे असतात. फोटो साठवताना फोन हाच गुण वापरून फाइल लहान करतो. ग्लासगोच्या पंखामागेही ही कल्पना होती.

शपिरो सहभागी असलेल्या गटाने २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक वेगळी युक्ती मांडली. ती घोस्ट इमेजिंग नव्हे, एकेका ठिकाणी लेझर फिरवण्याची पद्धत आहे, पण विचार इथेही लागू पडतो. ठरावीक वेळात किती ठोके आले हे मोजण्यापेक्षा पहिला ठोका येईपर्यंत किती झटके पाठवावे लागले ते मोजायचं. उजळ जागी पहिला ठोका लवकर येतो, काळ्या जागी उशिरा. दर जागेच्या एकाच फोटॉनातून उजळपणा आणि अंतर दोन्ही मिळतात.

२०१७ च्या सुमारापासून या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेची जाळी आली. हजारो चित्रांवर शिकवलेलं जाळं मोजक्या ठोक्यांतून डोळ्याला सुखावणारं चित्र काढतं, तेही फार थोड्या नक्ष्यांत. इथे माझा कल सावधगिरीकडे आहे. आकड्यांच्या चित्रांवर शिकलेल्या जाळ्याला मूठभर ठोके दिले तर ते नीटनेटका आकडा काढून देईल, मग समोर आकडा असो वा नसो. अंधारातलं चित्र दाणेदार असलं तर पाहणाऱ्याला त्याच्या भरवशाची कल्पना येते. गुळगुळीत चित्र ही कल्पना हिरावून घेतं. आरोग्य किंवा वन्यजीवांच्या नोंदीसाठी असं चित्र वापरायचं, तर कोणता भाग मोजलेला आणि कोणता अंदाजाचा, हे सोबत दाखवण्याची सक्ती असावी.

कासव, अवरक्त आणि क्ष-किरण

रास अल्-जिन्झसारख्या किनाऱ्यावर हे यंत्र नेलं तर काय होईल? कासवांचे डोळे निळ्या-हिरव्या प्रकाशाला जास्त आणि लांब तरंगलांबीच्या प्रकाशाला कमी प्रतिसाद देतात. १५५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश त्यांच्या दृष्टीच्या पार पलीकडचा. पण त्या तरंगलांबीला सिलिकॉनही आंधळं असतं, म्हणून फोनमधल्यासारखी स्वस्त कॅमेऱ्याची चकती चालत नाही. इथे एकाच चांगल्या डिटेक्टरवर चित्र काढणाऱ्या पद्धतीला खरा अर्थ येतो. ग्लासगोच्या गटाने २०१५ मध्ये जुळ्यांतला एक १५५० नॅनोमीटरचा आणि दुसरा ४६० नॅनोमीटरचा निळा, अशी जोडी बनवली होती. वस्तूवर पडला अवरक्त, आणि चित्र नोंदवलं निळा प्रकाश पाहणाऱ्या कॅमेऱ्याने.

अडचण आहे ती स्थिरपणाची. सगळ्या नक्ष्या संपेपर्यंत दृश्य हललं नाही, असं गणित धरून चालतं. फोटॉन कमी असतील तर प्रत्येक नक्षीला जास्त वेळ द्यावा लागतो, आणि पाव सेकंदाचं काम मिनिटांवर जातं. अंडी घालताना मादी बराच वेळ जागची हलत नाही, तिचं चित्र कल्पनेत बसतं. पाण्याकडे धावणाऱ्या पिल्लाचं बसत नाही. शिवाय दृश्य प्रकाशात आता तगडा स्पर्धक आला आहे. लाखो स्पॅड एकाच चकतीवर बसवलेले कॅमेरे निघाले आहेत. कॅननने २०२३ मध्ये ३२ लाख पिक्सेलांचा असा कॅमेरा बाजारात आणला. जिथे असा कॅमेरा चालतो तिथे घोस्ट इमेजिंगचा आग्रह धरण्यात मला अर्थ दिसत नाही. जिथे कॅमेराच बनत नाही अशा तरंगलांबी हे त्याचं खरं क्षेत्र.

भारतात एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये चार केंद्रं ठरली. त्यांतलं क्वांटम संवेदन आणि मापनाचं केंद्र पवईच्या आयआयटी मुंबईकडे आहे. एकेक फोटॉन मोजणारे डिटेक्टर ही अशा संवेदनाची एक मूलभूत गरज, आणि ते देशात बनू लागले तर अशा प्रयोगांचा खर्च खूप उतरेल.

कमी प्रकाशाची निकड सगळ्यात जास्त आहे ती क्ष-किरणांमध्ये. तिथे प्रत्येक फोटॉन शरीरात ऊर्जा सोडतो, म्हणून जितके कमी तितके बरे. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल इथल्या युरोपीय सिंक्रोट्रॉनवर (क्ष-किरणांच्या प्रखर स्रोतावर) क्ष-किरणांचं घोस्ट इमेजिंग करून दाखवलं गेलं. त्यामुळे रुग्णाला मिळणारी मात्रा खरंच घटते का, यावर अजून एकमत नाही. काही सैद्धांतिक हिशेब सांगतात की आधीपासून ठाऊक असलेल्या माहितीची जोड नसेल तर फायदा होत नाही. चित्रभर पसरणाऱ्या चुकीची मेसमधली अडचण इथेही तशीच आहे. त्यामुळे पिक्सेलमागे किती फोटॉन नोंदवले, हा आकडा वाचताना वस्तूवर एकूण किती पडले हेही विचारावं लागतं. डिटेक्टरने नोंदवलेले फोटॉन वस्तूवर पडलेल्यांचा एक हिस्साच असतात. कासवाच्या डोळ्याला आणि रुग्णाच्या पेशीला मोजावे लागतात ते मात्र पडलेले सगळे.